इजिप्तच्या मंदिरांतली अर्पणचित्रं पाहताना या चुका टाळा

प्राचीन इजिप्तच्या मंदिरात राजा देवाला काही अर्पण करतोय, अशा भिंतीचा फोटो समोर आला की आपली नजर राजाच्या हातातल्या वस्तूवर जाते आणि तिथेच थांबते. सगळ्यात मोठी चूक हीच. समोरच्या देवाचे हातही बघा. त्यात बहुधा अंख, म्हणजे जीवनाचं चिन्ह, आणि सत्तेचा 'वास' नावाचा दंड असतो. बाजूच्या मजकुरात देव राजाला आयुष्य, स्थैर्य, विजय देऊ करतो. या चित्रात देणारे दोघे आहेत, एकटा राजा नव्हे.

दुसरी गल्लत 'बाहुली'ची. अबायडोसच्या मंदिरात सेती पहिला (इ.स.पू. 13वं शतक) तळहातावर एक छोटी, बसलेली आकृती पुढे करतो. ते लहान मूल नाही. तिच्या डोक्यावरचं शहामृगाचं पीस पाहा: ती माअत, म्हणजे सत्य, न्याय आणि विश्वाची घडी सांभाळणारी देवी. राज्य नीट चालवल्याची ग्वाहीच राजा इथे देवापुढे ठेवतो. माझ्या मते सगळ्या अर्पणांत हेच सर्वांत अर्थपूर्ण.

अबू सिंबेलच्या मोठ्या मंदिराच्या दाराच्या वर तर याची कमाल आहे. मधल्या कोनाड्यात ससाण्याच्या डोक्याचा सूर्यदेव रा-होराख्ती ('रा' म्हणजेच 'रे'), त्याच्या एका बाजूला 'उसेर' हे चिन्ह, दुसऱ्या बाजूला माअत. तिन्ही एकत्र वाचली की रामसेस दुसरा याचं राजनाम तयार होतं: उसेरमाअतरे. आणि दोन्हीकडून तिथे माअत अर्पण करतोय तो खुद्द रामसेसच!

राजाच्या हातात दोन गोल भांडी दिसली की 'वाइन' म्हणून मोकळं होऊ नका, पाणी किंवा दूधही असू शकतं. प्रजननाचा देव मिन याच्यामागची उंच रोपं झाडं नव्हेत, ते लेट्यूस आहे. त्याच्या पांढऱ्या चिकामुळे ते प्रजननशक्तीशी जोडलं गेलं.

चित्रात राजा आहे म्हणून रोज तोच पूजा करत असे, असंही समजू नका. पूजा पुजारी करत, राजाच्या वतीने. कलाबशाच्या मंदिराच्या भिंतींवर तर रोमचा सम्राट ऑगस्टस फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, वेशात अर्पण करताना दिसतो. देवापुढचं अन्न नंतर पुजाऱ्यांत वाटलं जाई, आपल्याकडे नैवेद्याचा प्रसाद होतो तसं.

कोणता मजकूर कोणाचा हे कळत नसेल, तर चित्रलिपीतले पक्षी-प्राणी कुठे तोंड करून आहेत ते बघा. राजा पाहतो त्याच दिशेला असतील तर सहसा तो मजकूर राजाचा, उलट दिशेला असतील तर देवाचा.