जुन्या पेपरांतली लष्करी अपघातांची चित्रं कशी वाचायची

आगीचा लोळ, कोसळलेली घरं, पुढे पोराला छातीशी धरून पळणारी बाई, अशी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची रंगीत पेपरपानं नेटवर फिरत असतात आणि लोक ती फोटो असल्यासारखी शेअर करतात. तसं करू नका, आधी तारीख शोधा.

उदाहरण घ्या फ्रान्समधल्या तुलाँ बंदराचं. ५ मार्च १८९९ ला पहाटे अडीचच्या सुमारास तिथल्या लागुब्राँ भागातलं फ्रेंच नौदलाचं दारूगोळ्याचं कोठार उडालं, शेजारची वस्ती झोपेतच गाडली गेली, पन्नासहून जास्त माणसं मेली. आता अशा स्फोटाचं चित्र समोर आलं की पहिला प्रश्न हाच, त्या वेळी तिथे चित्रकार कुठून आला? आला नव्हताच. तार, बातमीदाराचं वर्णन, फार तर नंतर काढलेला फोटो, एवढ्यावर पॅरिसमध्ये बसून चित्र तयार व्हायचं. म्हणजे पडझड बऱ्यापैकी खरी असू शकते, ती पळणारी बाई बहुतेक चित्रकाराच्या डोक्यातली.

शोधायचं असेल तर फ्रेंच नॅशनल लायब्ररीची गॅलिका साइट फुकट आहे, तिथे ल पती जुर्नाल या पॅरिसच्या जुन्या दैनिकाची चित्र पुरवणी काढा. पुरवणी साप्ताहिक, त्यामुळे घटनेचीच तारीख धरून बसू नका, पुढचे दोन-तीन अंक चाळा. फ्रेंच येत नसेल तरी अडत नाही, एक्स्प्लोजन आणि कॅटास्ट्रॉफी यांचं स्पेलिंग तिकडेही तेच. चित्र सापडलं की त्याच आठवड्यातला रोजचा पेपर उघडा आणि चित्रात दिसतंय त्यातलं बातमीत काय आहे ते ताडून बघा, खरी मजा इथेच आहे.

अजून एक बघायचं, सैनिक काय करतायत? ते ढिगारा उपसताना, जखमींना उचलताना दिसले तर ते खोटंच असेल असं नाही, पण कोठार वस्तीला खेटून कोणी ठेवलं हा प्रश्न चित्रात मावत नाही, तो बातमीतच शोधावा लागतो. लंडनला २१ जून १८९८ ला एचएमएस अल्बियन ही युद्धनौका पाण्यात सोडताना उठलेल्या लाटेने बघ्यांचा लाकडी मचाण मोडला आणि तीसहून जास्त लोक बुडाले, बायका-मुलं बरीच. तिथेही चित्र बघताना विचारा, मधोमध काय आहे, जहाज की माणसं.

मुंबई गोदीतल्या १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटाची मात्र अशी चित्रं शोधत बसू नका, तोवर फोटोंचा जमाना आला होता आणि वर युद्धकाळातलं सेन्सॉर.

विकत घेताय? मग भिंग जवळ ठेवा. १८६०-७० च्या इंग्रजी पेपरांत मोठं चित्र लाकडाचे छोटे ठोकळे बोल्टने जोडून त्यावर कोरायचे, त्या सांध्यांच्या बारीक पांढऱ्या सरळ रेघा कधीकधी दिसतात. त्या काळचं इंग्रजी पान रंगीत मिळालं तर रंग बहुधा नंतर कोणीतरी हाताने भरलेत, किंमत तशी करा. मागची बाजू कोरी असेल तर नवी प्रिंट असण्याची शक्यता जास्त. आणि घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात नको.