समुद्रकाठच्या बंद वीज केंद्राच्या जागेचे काय करावे? पर्याय निवडताना या चुका टाळा

नाशिकरोडच्या आमच्या अभ्यासगटात गेल्या हिवाळ्यात एक सराव झाला. समुद्रकाठच्या एका बंद औष्णिक केंद्राचा नकाशा टेबलावर पसरला होता आणि फळ्यावर चार पर्याय लिहिले होते: घरे व बाजारपेठ, बॅटरीतील वीजसाठवण, समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आणि सार्वजनिक उद्यान. दहा मिनिटांत बहुतेकांनी उद्यानाला पसंती दिली. कोळसा कोठे साठवत असत आणि राख कोठे टाकत असत, हे त्या नकाशात दाखवलेले नव्हते. ते कोणी विचारलेही नाही.

समुद्र नाशिकपासून घाटाखाली आहे, हे खरे. पण नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक केंद्राचे १४० मेगावॅटचे पहिले दोन संच केव्हाच बंद झाले आहेत, आणि १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेल्या २१० मेगावॅटच्या तीन संचांनी चाळिशी ओलांडली आहे. ज्या शहरांवर हा प्रश्न आपल्याआधी आला, त्यांतील बरीच समुद्रकाठची आहेत, कारण कंडेन्सर (वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणारे यंत्र) थंड करण्यासाठी लागणारे अमाप पाणी तेथे फुकट मिळत असे. त्यांनी केलेल्या चुका आपल्याला आयत्या वाचायला मिळतात. मी भूतांत्रिक, म्हणजे बांधकामाखालच्या जमिनीच्या, तपासणीच्या कामातला माणूस असल्यामुळे माझा कल जमिनीकडे अधिक आहे, हे वाचकांनी लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

आधी संकल्पचित्र, मग जमीन

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे संकल्पचित्र मंजूर करून घेणे आणि जमिनीची तपासणी त्यानंतर कोणाकडे तरी सोपवणे. कोकणातील एका जुन्या औद्योगिक जागेवर आम्ही बोअर (जमीन तपासण्यासाठीची खोल छिद्रे) घेत होतो, तेव्हा वरची दोन फूट तांबडी माती दाखवून जागेवरच्या देखरेख करणाऱ्याने "मुरूम चांगला आहे, साहेब" असे सांगितले होते. साडेतीन मीटरवर एसपीटी चाचणी (हॅमरने रॉड ठोकून जमिनीचा घट्टपणा मोजणारी) घ्यायची म्हणून रॉड खाली सोडले, तर हॅमर उचलण्याआधीच ते स्वतःच्या वजनाने हातभर खाली गेले. वर आलेला नमुना करडा आणि ओला होता. बोटांत चोळला तर पिठासारखा मऊ लागे आणि मूठ आवळली की बोटांच्या फटींतून ओघळून जाई. ती राख होती, आणि पुढे नऊ मीटरपर्यंत तीच लागत राहिली. संकल्पचित्रात नेमक्या त्याच ठिकाणी तीन मजली वाहनतळ रंगवलेला होता.

पाण्यात कालवून नळाने आणून सोडलेली राख सैल बसते, पाणी धरून ठेवते आणि भूकंपाचा हादरा बसला तर तिच्यावरचा भार पेलण्याची ताकद काही क्षणांत गमावू शकते. शिवाय तिच्यातील बोरॉन, सल्फेट, आर्सेनिक, सेलेनियम यांसारखी द्रव्ये हळूहळू भूजलात उतरतात. अशा जागेवर बांधकाम करताच येत नाही असे नाही. परंतु दगडी स्तंभ (जमिनीत खडी ठासून केलेले खांब), घनीकरण (सैल थर दाबून घट्ट करणे) किंवा खोल पाया यांचा खर्च धरल्यानंतर जो पर्याय कागदावर सर्वांत स्वस्त दिसत होता तो बहुधा स्वस्त राहत नाही. दिल्लीतील बदरपूरचे ७०५ मेगावॅटचे केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले आणि त्याच्या राख-तलावाच्या सुमारे ८८४ एकर जागेवर इको पार्क करण्याचे ठरले. त्या निवडीमागे राखेचा स्वभाव ओळखल्याचे दिसते, कारण मातीचा थर अंथरून झाडे लावणे तेथे जमते.

समुद्रकाठी आणखी एक गोम असते. भरती-ओहोटीबरोबर भूजलाची पातळी दिवसातून दोनदा वरखाली होते, त्यामुळे निरीक्षण विहिरीतील पाण्याचा नमुना फक्त ओहोटीला किंवा फक्त भरतीला घेतला तर दूषणाचे खरे प्रमाण हाती लागत नाही. नमुना दोन्ही वेळांना घ्यावा, पावसाळ्याआधी व नंतर घ्यावा, आणि प्रत्येक नोंदीपुढे भरतीची वेळ लिहावी. प्रयोगशाळेच्या अहवालात ती वेळ नसेल, तर तो अहवाल परत पाठवण्यात कोणताही संकोच बाळगू नये. जुन्या बॉयलरवरील आणि वाफेच्या नळांवरील लॅगिंगमध्ये, म्हणजे उष्णतारोधक आवरणात, ॲस्बेस्टॉस आहे का, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन आहे का, याची तपासणीही पाडकामाची निविदा काढण्यापूर्वीच व्हायला हवी. भंगारवाल्यांच्या गॅस कटरची ज्योत लागल्यानंतर तपासणीचा फारसा उपयोग राहत नाही.

जुना नकाशा मिळत नसेल, तर जुनी माणसे शोधावीत. सरावाच्या दुसऱ्या बैठकीला एकलहऱ्यातून निवृत्त झालेले एक काका आले. नकाशातले केंद्र त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रेल्वे सायडिंगच्या टोकावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "रूळ इथं संपतात, म्हणजे वॅगन टिपलर, डबे उलटवून कोळसा ओतणारं यंत्र, इथं. कन्व्हेयर तिकडं वळलाय, म्हणजे ढीग त्याच्या अलीकडं. आणि इतकी वर्षं ढिगावर पाणी मारलं असेल, तर ते पाणी या कोपऱ्यात मुरलेलं असणार." पहिल्या बैठकीत मुलांचे खेळाचे मैदान आम्ही त्याच कोपऱ्यात दिले होते.

बंद होण्याची तारीख पक्की धरणे

कॅलिफोर्नियाच्या राज्य जलमंडळाने २०१० मध्ये केंद्र थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी एकदाच वापरून परत सोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे धोरण आणले, आणि किनाऱ्यावरील अनेक केंद्रांचे भवितव्य त्या दिवशीच ठरले असे लोकांना वाटले. लॉस एंजेलिसजवळच्या रेडोंडो बीचचे केंद्र २०२० अखेर बंद व्हायचे होते. विजेचा तुटवडा पडेल या भीतीने राज्याने ती तारीख आधी २०२१ आणि नंतर २०२३ अखेरपर्यंत पुढे नेली. तेथील मतदारांनी तर त्याच्या बरेच आधी, २०१३ आणि २०१५ मध्ये, या जागेविषयीचे दोन वेगवेगळे प्रस्ताव फेटाळले होते. आपल्याकडेही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या सुरुवातीला, २०३० पूर्वी कोळशावरील संच निवृत्त करू नयेत, अशी सूचना वीज कंपन्यांना दिली. म्हणून आर्थिक गणित एका तारखेवर उभे करू नये. केंद्र पाच वर्षे उशिरा बंद झाले तर कोणता पर्याय तग धरेल, हा प्रश्न प्रत्येक सादरीकरणात विचारावा.

जमीन कोणाची आणि परवानगी कोणाची, यात गल्लत

शहरात सभा होते, ठराव होतो, वर्तमानपत्रात चित्र छापून येते आणि जागा जणू शहराचीच झाली असे सर्वांना वाटू लागते. मोरो बे हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव आहे. तेथील १९५० च्या दशकातले, ४५० फुटी तीन चिमण्यांचे केंद्र २०१४ मध्ये बंद झाले. २०२१ मध्ये शहर आणि मालक कंपनी यांच्यात करार झाला की, २०२७ अखेरपर्यंत चिमण्या पाडाव्यात, अन्यथा कंपनीने शहराला ३० लाख डॉलर द्यावेत. कंपनीला त्या जागी ६०० मेगावॅटचा बॅटरी प्रकल्प हवा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी असा नियम मंजूर केला की, या जागेचा जमीनवापर मतदारांच्या संमतीशिवाय बदलता येणार नाही. आणि कंपनीने शहराला बाजूला ठेवून थेट राज्याकडे परवानगी मागण्याचा मार्ग धरला. दोन्ही बाजू आपापल्या परीने कायद्याला धरूनच वागत होत्या. चिमण्यांचा प्रश्न करारात तारीख आणि रकमेसह लिहिला गेला, ही मात्र त्या गावाची शहाणपणाची कृती आहे आणि ती उचलण्यासारखी आहे.

आपल्याकडे किनाऱ्यावर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) २०१९ ची अधिसूचना लागू होते आणि समुद्रकाठी भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या कक्षेत येतो. वीज केंद्राला पाण्याची गरज म्हणून किनाऱ्यावर परवानगी मिळाली होती, म्हणून तेथे हॉटेललाही मिळेल, हा तर्क टिकत नाही. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणत्या वर्गात आहे, ते आधी पाहावे लागते. निळ्या आणि लाल पूररेषेचा अर्थ २००८ च्या महापुरानंतर नाशिककरांना वेगळा समजावून सांगायला नको. किनाऱ्यावर तीच शिस्त भरतीरेषेची असते. सातबारा, फेरफार आणि संपादनाचे जुने निवाडेही याच टप्प्यावर काढावेत, कारण प्रकल्पग्रस्त कुटुंबांचे दावे पर्याय ठरल्यानंतर पुढे आले की काम वर्षानुवर्षे अडते.

डोळ्यांना न दिसणारी मालमत्ता विसरणे

चिमणीवर सगळे बोलतात, स्विचयार्डवर कोणी बोलत नाही. खरे तर उच्चदाब वाहिन्यांचे जाळे जेथे येऊन मिळते ती जोडणी नव्याने उभी करायला फार पैसा आणि त्याहून अधिक वर्षे लागतात. केंद्र बंद झाल्यावरही तिचे मोल तसेच राहते. समुद्राचे पाणी आत घेण्याच्या आणि बाहेर सोडण्याच्या मार्गांचेही असेच आहे. कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडमध्ये एन्सिना वीज केंद्राला लागून डिसेंबर २०१५ मध्ये रोज सुमारे १९ कोटी लिटर पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला, तो केंद्राच्याच थंडाव्याच्या पाण्यावर चालत असे. २०१८ मध्ये केंद्र बंद झाले, तेव्हा पाणी घेण्याची जबाबदारी त्या प्रकल्पावर आली आणि मासे व इतर जलचर आत ओढले जाऊ नयेत अशा जाळ्यांची नवी व्यवस्था त्याला उभारावी लागली. जोडणी शेजाऱ्याच्या भरवशावर असेल, तर शेजारी गेल्यावर तिचा खर्च कोण करणार, हे आधीच ठरलेले असावे.

स्विचयार्ड आहे म्हणून लगेच बॅटरी, असेही करू नये. कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावरील मॉस लँडिंगच्या जुन्या वीज केंद्रात ३०० मेगावॅटच्या बॅटऱ्या टर्बाइनच्या जुन्या इमारतीतच बसवल्या होत्या. १६ जानेवारी २०२५ रोजी तेथे आग लागली, हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि किनाऱ्याचा महामार्ग बंद करावा लागला. शेजारच्या खाडीच्या दलदलीत नंतर निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट वाढलेले आढळले. माझ्या मते यावरून बॅटरी नाकारण्याऐवजी तिची मांडणी तपासावी: बॅटऱ्या उघड्यावर, सुट्या कंटेनरमध्ये, मधे मोकळे अंतर ठेवून बसवल्या आहेत की एका छताखाली कोंडल्या आहेत, आणि वारा वस्तीकडे वाहत असेल त्या दिवशी अग्निशमन दल नेमके काय करणार आहे.

पाडण्याची घाई, जपण्याचा हट्ट

लंडनचे बॅटरसी केंद्र थेम्सकाठी आहे, समुद्रकाठी नाही. तरीही त्याचा धडा येथे लागू पडतो. ते १९८३ मध्ये बंद झाले. करमणूक उद्यान करायचे म्हणून त्याचे छत उतरवले, १९८९ मध्ये पैसे संपून काम थांबले आणि पोलादी सांगाडा वर्षानुवर्षे पावसात उघडा राहिला. लोकांसाठी ते उघडले ऑक्टोबर २०२२ मध्ये. ज्या चार चिमण्यांसाठी सगळा आटापिटा होता, त्यांचे काँक्रीट आतून इतके खराब झाले होते की त्या उतरवून तशाच नव्या बांधाव्या लागल्या. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गज याहून लवकर गंजतात. म्हणून चिमणी जपायचीच असेल, तर काँक्रीटमधील क्लोराइडची तपासणी आणि पुढील देखभालीचा वार्षिक खर्च ठरावातच लिहावा.

उलट बाजूचे उदाहरण मॅसॅच्युसेट्समधील ब्रेटन पॉइंटचे आहे. ते केंद्र २०१७ मध्ये बंद झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये त्याचे सुमारे ५०० फूट उंचीचे दोन शीतकरण मनोरे स्फोटाने पाडले गेले. मोकळ्या झालेल्या बंदराच्या जागेवर भंगार लोखंडाची निर्यात सुरू झाली आणि धूळ व आवाज यांमुळे शेजारचे रहिवासी त्रासले. पुढे समुद्रातील पवनचक्क्यांसाठी केबल बनवण्याचा कारखाना येणार होता, तोही जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. कायमचा वापर ठरेपर्यंतचा तात्पुरता वापर हाही एक पर्यायच असतो, आणि त्याला मुदत, वेळा व धुळीची मर्यादा घालावी लागते.

आराखडा आधीच अडकला असेल तर

सर्व पर्यायांच्या खर्चात जमीन-सफाईची रक्कम सारखीच दाखवली असेल, तर अहवाल अर्धवट आहे असे समजावे. लहान मुले जेथे मातीत खेळणार त्या जागेची सफाई आणि जेथे ट्रान्सफॉर्मर बसणार त्या जागेची सफाई एका मापाची नसते. सभा एकाच मुद्द्यावरून पुन्हा पुन्हा उधळत असेल, तर जागेचे तुकडे पाडून चर्चा करावी. कोळसा यार्ड, राख-तलाव, टर्बाइन हॉल, स्विचयार्ड आणि किनारपट्टी यांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात आणि आमच्या गटातही वाद त्यानंतरच निवळला.

"सफाई आम्हीच करू" असे मालक किंवा विकासक म्हणत असेल, तर भंगार विकण्यापूर्वी बँक हमी घ्यावी. पाडकामाचा बराचसा खर्च भंगाराच्या किमतीतून निघतो. तांबे आणि पोलाद ट्रकमधून गेले की शहराच्या हातात पत्रव्यवहाराखेरीज काही उरत नाही. आणि निविदेला प्रतिसाद येत नसेल, तर बहुतेक वेळा बोली लावणारे जमिनीखालच्या अनिश्चिततेला घाबरलेले असतात. अशा वेळी बोअरच्या सर्व नोंदी निविदेसोबत जोडाव्यात आणि नमुन्यांच्या लाकडी पेट्या बोली लावणाऱ्यांना पाहण्यासाठी छपराखाली, खोली लिहिलेल्या पट्ट्यांसह ठेवाव्यात. कोकणातल्या त्या जागेवरच्या आमच्या पेट्या पहिल्याच पावसात उघड्यावर भिजल्या, पट्ट्यांवरची शाई धुऊन गेली आणि पुढच्या वर्षी तेच बोअर पुन्हा घ्यावे लागले.