मांजराला थायरॉईड झालाय? या चुका टाळा

थायरॉईड म्हटलं की आपल्याला सकाळी उपाशीपोटी गोळी घेणारी मावशी आठवते. वजन वाढलेलं, सारखा थकवा, केस गळताहेत. मांजरांचं नेमकं उलट असतं. दहा वर्षांच्या पुढच्या मांजरात ही ग्रंथी बिघडली, तर बहुधा ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागते. गळ्यातल्या या ग्रंथीवर गाठ येते. ती क्वचितच कर्करोगाची असते, पण संप्रेरक मात्र बेसुमार सोडत राहते.

म्हणून सगळ्यात घातक चूक म्हणजे घरात आहेच म्हणून मावशीची थायरोनॉर्म किंवा एल्ट्रॉक्सिन मांजराला देणं. त्या गोळ्या संप्रेरक वाढवणाऱ्या आहेत. मांजराला हवी असते ती संप्रेरक रोखणारी मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोल. या दोघींतही मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी अदलाबदल चालत नाही. ५ मिलिग्रॅम कार्बिमॅझोल म्हणजे साधारण ३ मिलिग्रॅम मेथिमॅझोल. केमिस्टने 'तेच आहे' म्हणून दुसरं पाकीट दिलं, तर आधी व्हेटना फोन करा.

दुसरी चूक आम्ही स्वतः केली. तेरा वर्षांचा बोका ताटली चाटूनपुसून साफ करायचा, पहाटे तीनला ओट्यावर उभा राहून गळा काढायचा, आणि आम्ही कौतुकानं म्हणायचो, या वयातही काय भूक आहे! पाठीवरून हात फिरवताना मणके लागायला लागले तेव्हा डोळे उघडले. भरपूर खाऊनही मांजर वाळत असेल, पाणी जास्त पीत असेल, अधूनमधून उलटी करत असेल, तर रक्त तपासून घ्या. अशीच लक्षणं मधुमेहातही दिसतात, त्यामुळे अंदाजानं औषध नको.

आता रिपोर्टची गंमत. रक्त माणसांच्या लॅबमध्ये गेलं, तर शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादाही माणसांचीच असते. माणसात टी-४ (थायरॉईडचं मुख्य संप्रेरक) साधारण ५ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, मांजरात साधारण १ ते ४. म्हणजे ८ आकडा आलेलं आजारी मांजर त्या कागदावर ठणठणीत ठरतं. उपचार सुरू झाल्यावर हाच घोळ उलटा होतो. आकडा २ वर येतो, म्हणजे हवा तिथे येतो, पण कागदावर ठळक अक्षरांत 'लो' छापलेलं असतं, आणि घाबरून लोक गोळी थांबवतात. रिपोर्ट प्राण्यांच्या डॉक्टरांनीच वाचायचा. माणसांसाठीची टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक) चाचणी मांजराला लावण्यात काही अर्थ नाही.

मांजर भरू लागलं की गोळी बंद करणं ही तर घरोघरची चूक. गोळी गाठ घालवत नाही, फक्त संप्रेरक रोखते. बंद केली की काही दिवसांत पातळी पुन्हा चढते. मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी टी-४, रक्तपेशी आणि मूत्रपिंडाची तपासणी हवी. मूत्रपिंडाची का? थायरॉईड वाढलेला असताना तिथलं रक्त जोरात वाहतं, गाळणी वेगानं चालते आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, खोटं चांगलं दिसतं. थायरॉईड ताळ्यावर आला की आत लपलेला जुना आजार उघडा पडतो. लोक म्हणतात, गोळीनं किडनी घालवली. बहुतेकदा तसं नसतं. मात्र टी-४ फारच खाली गेला तर मूत्रपिंडाला खरंच त्रास होतो, तेव्हा डॉक्टर मात्रा कमी करतात. आपल्या मनानं नाही.

गोळी सुरू केल्यावर मांजर तोंड खाजवून रक्त काढतंय, जेवण सोडलंय, सुस्त पडलंय, तर मात्र पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला. पहिल्या तीन महिन्यांत अशा गोष्टींकडे जास्त लक्ष ठेवायचं.

गोळीऐवजी कमी आयोडीनचं खास अन्न सुरू केलं असेल (थायरॉईडचं संप्रेरक आयोडीनपासूनच बनतं), तर त्याशिवाय दुसरं काहीच नाही. आजीनं प्रेमानं टाकलेलं बांगड्याचं डोकं सगळ्यावर पाणी फिरवतं. बाहेर भटकून उंदीर मारणाऱ्या मांजरासाठी हा मार्ग सोडूनच द्यावा. गोळी घेत नसेल तर त्याच औषधाचं, कानाच्या आतल्या बाजूला लावायचं जेल बनवून मिळतं का ते विचारा. लावताना हातमोजे घाला. गर्भवतीनं जेल किंवा फोडलेली गोळी हाताळू नये. परदेशात असाल तर रेडिओआयोडीनबद्दल, म्हणजे गाठ नष्ट करणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनबद्दल, जरूर विचारा, बहुतेक मांजरं एकाच डोसात बरी होतात.

अचानक भिंतीला धडकू लागलं, बाहुल्या मोठ्या दिसताहेत, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय, तर सकाळची वाट पाहू नका. या आजारात रक्तदाब चढून डोळ्यांचा पडदा सुटू शकतो, आणि हृदयावर ताण आला की श्वास लागतो.

आणि वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून वहीत लिहा. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो घटणं.