लेकीचं नाव राहिलं होतं

ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा, सबक्लास ३०९, भरताना एजंट म्हणाला, "मुलीचं नाव नंतर घालू." मी ऐकलं, तिथेच चुकलं. ३०९ हातात आल्यावर तिच्यासाठी वेगळा ४४५, म्हणजे अवलंबून असलेल्या मुलांचा व्हिसा, काढावा लागला असता. म्हणून निकाल लागायच्या आत तिला माझ्याच अर्जात जोडून घेतलं.

ती १९ वर्षांची, त्यामुळे फॉर्म ४७ए, म्हणजे अठरा किंवा त्याहून मोठ्या अवलंबून मुलांची माहिती देण्याचा फॉर्म. सगळी धावपळ पुराव्यांची! ती माझ्यावरच अवलंबून आहे, हे कागदावर दिसायला हवं. फीच्या पावत्या, पुण्यातल्या होस्टेलचं भाडं, दरमहा तिच्या खात्यात टाकलेले पैसे. पासबुकातल्या त्या एकेका नोंदीखाली पेन्सिलीने रेघ मारत मी रात्री उशिरापर्यंत बसले होते. मेडिकल, पोलीस क्लिअरन्स तिचं वेगळं.

परवा दोघींचे व्हिसा एकाच दिवशी आले.