कॅमेरा घेताना मेगापिक्सेल सगळ्यात शेवटी बघा

हातात फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला हवा, हे आधी एका वाक्यात लिहून काढा. "फोटो चांगले यावेत म्हणून" एवढ्याने भागत नाही. "स्टेजवर नाचणारी मुलगी लांबून टिपायची आहे", "पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत", "घरात संध्याकाळी पळणाऱ्या मुलाचे फोटो हललेले येतात" असं काही नेमकं हवं. भर उन्हातली निसर्गदृश्यं आणि ग्रुप फोटो एवढंच काम असेल तर पैसे वाचवा, चांगला फोन पुरतो.

मेगापिक्सेलचा विषय पटकन संपवू. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ४००० × ३००० ठिपके असतात. इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापला तरी सुमारे १३ × १० इंचांचा प्रिंट निघतो. फोर-के टीव्हीला तर ८.३ मेगापिक्सेलच लागतात. त्यामुळे २० आणि २४ यांत घासाघीस करण्यात अर्थ नाही.

खरा फरक पडतो तो सेन्सरच्या, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकारमानाने. सेन्सर मोठा, तर त्यावर एकूण प्रकाश जास्त पडतो आणि कमी उजेडात फोटोत दाणे कमी दिसतात. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे जेमतेम ६.२ × ४.६ मिमी. बऱ्याच चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सर आता याहून मोठा असतो, त्यामुळे स्वस्तातला कॉम्पॅक्ट घेऊन अनेकांची निराशा होते. '१ इंची' म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी असतो (नावातला इंच मोजायला जाऊ नका), तरी क्षेत्रफळाने तो आधीच्याच्या चौपट भरतो. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत बहुधा याहून मोठे सेन्सर असतात: एपीएस-सी सुमारे २३.५ × १५.६ मिमी आणि फुल फ्रेम ३६ × २४ मिमी. हौशी माणसाला एपीएस-सी किंवा त्याहून थोडा लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर भरपूर झाला. फुल फ्रेममध्ये बॉडीपेक्षा (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा) लेन्सचं वजन आणि किंमत जड जाते.

आता ते संध्याकाळचं पळणारं मूल घ्या. त्याची हालचाल गोठवायला शटर (सेन्सरवर प्रकाश पडू देणारा पडदा) १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ उघडं राहायला हवं. बॉडीबरोबर मिळणारी १८-५५ मिमी किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). घरातल्या मंद दिव्यांत मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १२८०० च्या आसपास न्यावा लागतो आणि फोटो रवाळ होतो. तिथे एफ/१.८ ची फिक्स (झूम नसलेली) लेन्स लावली की जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि तेच काम आयएसओ १३०० च्या आसपास होतं. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते तुमच्या हाताचा कंप सावरतं, मुलाची धावपळ नाही. म्हणून महागड्या बॉडीपेक्षा साधी बॉडी आणि एक उजळ लेन्स हा सौदा जवळपास नेहमीच सरस ठरतो. एपीएस-सीवर ही लेन्स ३५ मिमीची घ्या. ५० मिमीची खोलीत फार जवळची वाटते.

झूमच्या आकड्यातही गफलत होते. '३०एक्स' म्हणजे लेन्सचं सर्वांत लांबचं आणि सर्वांत जवळचं फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) यांचं गुणोत्तर, बाकी काही नाही. पक्ष्यांसाठी बघायचं ते लांबचं टोक, फुल फ्रेमच्या हिशेबात (म्हणजे फुल फ्रेमवर तेवढंच जवळ दिसायला जेवढं लागेल तेवढं) किमान ४०० मिमी. डिजिटल झूमचा आकडा सरळ सोडून द्या, तो फोटो कापून मोठा करतो, बस्स.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात आयएसओ ३२०० वर चार-पाच फोटो काढा आणि ते घरी कॉम्प्युटरवर १०० टक्के आकारात बघा, कारण कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. पकड बघा, करंगळी अधांतरी राहते का? उन्हात स्क्रीन फारशी दिसत नाही, म्हणून बाहेर काढणार असाल तर व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) असलेलाच घ्या. एक जादा बॅटरी बजेटमध्ये धरा. फोर-के व्हिडिओ काढायचा असेल तर व्ही३० लिहिलेलं कार्ड घ्या. ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं. कार्ड संथ असेल तर चित्रीकरण मध्येच थांबतं.

जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) स्वस्तात मिळत असेल तर जरूर विचार करा, फक्त त्या माउंटच्या (लेन्स बसवायच्या खाचेच्या) नव्या लेन्स फारशा येणार नाहीत हे धरून चाला. शटर किती वेळा उडालं आहे ते विचारा. सुरुवातीच्या पातळीच्या (स्वस्त) मॉडेलमध्ये ते साधारण एक लाखापर्यंत टिकेल असं धरतात. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी उघडी पडते. ती साफ करता येते, घाबरू नका. पण लेन्समध्ये मागून टॉर्च मारल्यावर आतल्या काचेवर कोळिष्टकासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कारण बुरशी काढली तरी काचेवरचा लेप बहुधा खाल्लेलाच निघतो.