घरच्या वर्कशॉपमध्ये वाफेचं इंजिन बांधताय? या चुका टाळा

वाफेच्या मॉडेल इंजिनाची दुरुस्ती बहुतेक वेळा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी चालते. वाफ टिकत नाही म्हणून माणूस बॉयलरला शिव्या घालतो आणि हवा आत शिरत असते स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीच्या, दारातून. चाकं अडतात म्हणून बुश (रॉडच्या भोकात बसणारी नळी) मोठे करतो आणि चूक असते क्रँकच्या कोनात. नाशिकला हा छंद करणाऱ्याला जॉबवर्कची ददात नाही. सातपूर-अंबडला लेझर कटिंग, मिलिंग, ग्राइंडिंग सगळं होतं, जुन्या गावात तांब्या-पितळेचं काम जाणणारे हात आहेत. सुटे भाग झकास बनतात. घोळ होतो तो जोडताना, आणि त्याहून जास्त चुकीच्या जागी कानस चालवताना.

हे सगळं खऱ्या वाफेवर चालणाऱ्या, कोळशाच्या, मागे माणसाला बसवून ओढणाऱ्या इंजिनाबद्दल आहे. कोथरूडच्या जोशी संग्रहालयातल्या विजेवरच्या छोट्या गाड्या हा वेगळा आणि तितकाच गंभीर प्रकार.

आधी भागाकार

छंदात चालणारे बरेचसे ड्रॉइंग ब्रिटिश इंजिनांचे असतात, म्हणजे १४३५ मिमी गेजचे (दोन रुळांमधलं अंतर). पाच इंची म्हणजे १२७ मिमी रुळावर त्यांचं स्केल १:११.३ येतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे त्याच रुळावर स्केल १:१३.२. हे न बघता ब्रिटिश फ्रेमवर आपल्या ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपी इंजिनाचं अंग चढवलं की इंजिन कुठेतरी विचित्र दिसतं, पण काय चुकलं ते बोट ठेवून सांगता येत नाही. डब्ल्यूपीचं ५ फूट ७ इंचाचं चाक १:१३.२ ला सुमारे १२९ मिमी होतं, १:११.३ ला १५१. हा फरक नंतर कानशीने भरून निघत नाही.

नॅरोगेज आवडत असेल तर काम सोपं आहे. ७६२ मिमीचं इंजिन १२७ मिमीच्या रुळावर बरोबर १:६ बसतं, तोंडी हिशेब. फक्त असं इंजिन अंगाने मोठं आणि वजनाने भारी होतं. वर्कशॉप दुसऱ्या मजल्यावर असेल तर आधी जिना मोजा.

फ्रेम आणि चाकं

लेझरने कापलेल्या फ्रेमच्या भोकांवर भरवसा ठेवू नका. कड कडक झालेली असते आणि भोक किंचित निमुळतं असतं. भोकं लहान कापून घ्यायची, दोन्ही पट्ट्या एकत्र क्लॅम्प करायच्या, मग ड्रिल आणि रीमर. आणि ब्राइट बारची पट्टी एका बाजूने मिल केली की ती केळ्यासारखी वाकते. आतला ताण सुटतो. काळ्या हॉट रोल्ड प्लेटला हा त्रास कमी.

चाकं बीडाची, बहुधा कोल्हापूरहून ओतून आणलेली. साच्यातून लवकर काढलेल्या ओतीवाची कातडी इतकी कडक होते की एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल नुसतं घासत राहतं. अशा वेळी हळूहळू वरवर कट घेणं ही चूक. कार्बाइड टूल लावा आणि पहिलाच कट कातडीच्या खालून घ्या.

आता मुख्य मुद्दा, क्वार्टरिंग. डाव्या आणि उजव्या क्रँकमध्ये ९० अंश हवेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की सगळ्या ॲक्सलवर तो कोन *सारखा* हवा. सगळीकडे ८९ असेल तर इंजिन तक्रार न करता धावेल. एकावर ९० आणि दुसऱ्यावर ९१ असेल तर अडेल. म्हणून सगळ्या ॲक्सलसाठी एकच जिग, ॲसिटोनने पुसलेले पृष्ठभाग, लॉकटाइट ६३८ हा गोंद, आणि रात्रभर हात न लावणं.

तरी चाक एका जागी जड लागलं, तर लगेच चाकं एकमेकांना जोडणाऱ्या कपलिंग रॉडचे बुश रीम करायला घेऊ नका. ही सगळ्यात महागडी चूक आहे, कारण ढिला बुश पुन्हा घट्ट होत नाही आणि मूळ चूक तशीच राहते. फ्रेम उलटी करून बाकावर ठेवा, चाक बोटाने सावकाश फिरवा आणि नेमकं कुठे अडतं ते खडूने खुणवा. एका बाजूचा क्रँक डेड सेंटरला, म्हणजे रॉडच्या रेषेत आडवा आला की अडत असेल, तर त्याच बाजूच्या रॉडची लांबी आणि ॲक्सलमधलं अंतर जुळत नाहीये. दोन्ही क्रँक तिरपे, साधारण ४५ अंशांवर असताना अडत असेल, तर क्वार्टरिंग चुकलंय. कारण साधं आहे: डेड सेंटरला रॉड चाकाला किंचित फिरवूनही आपली लांबीची चूक लपवू शकत नाही, आणि ४५ ला दोन्ही बाजूंचे रॉड चाकाला वेगवेगळ्या कोनात ओढायला बघतात. खडूच्या खुणेवरून निदान पाच मिनिटांत होतं. लॉकटाइटने बसवलेलं चाक २५० अंशांच्या आसपास तापवलं की सुटतं, तेव्हा क्वार्टरिंग पुन्हा करणं जिवावर येण्यासारखं नाही.

बॉयलर: इथे घाई नको

तांब्याच्या बॉयलरला कथील-शिशाचा डाग चालत नाही, कुठेही नाही, ‘फक्त गळती बंद करायला’ म्हणूनसुद्धा नाही. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाबाला वाफेचं तापमान सुमारे १७० अंश असतं आणि तो डाग १८३ पासून वितळू लागतो. शिवाय एकदा शिसं लागलं की त्या जागी पुढे चांदीचं ब्रेझिंग धड धरत नाही. जोड ५५ टक्के चांदीच्या रॉडनेच करा, आणि रॉड कॅडमियम नसलेला घ्या. कॅडमियमचा धूर विषारी असतो.

फ्लक्सच्या, म्हणजे जोड साफ ठेवून चांदी वाहू देणाऱ्या लेपाच्या, बाबतीत नाशिकमध्ये एक चूक हटकून दिसते: सराफ बाजारातून सवागी (टाकणखार) आणायची आणि तीच वापरायची. सवागी वाईट नाही, पण ती नीट पातळ व्हायला ७४० अंशांच्या वर जावं लागतं. ५५ टक्क्यांचा रॉड ६३० ते ६६० मध्येच वाहतो. म्हणजे चांदी तयार, सवागी अजून घट्ट. चांदीच्या रॉडसाठी मिळणारा फ्लोराइडचा फ्लक्सच घ्या.

दुसरी चूक ज्योतीची. तांबं उष्णता पळवतं, म्हणून माणूस ऑक्सि-ॲसिटिलीन आणतो. एवढ्याशा टोकदार ज्योतीने एक ठिपका जळतो आणि चार बोटांवरचं तांबं थंडच राहतं. हवी ती मोठी, मऊ ज्योत: एलपीजीचा मोठा बर्नर, भोवती फायरब्रिकचा आडोसा, आणि सगळा बॉयलर एकसारखा गरम. बॅकहेडचा, म्हणजे बॉयलरच्या मागच्या प्लेटचा, जोड करताना बघा. फ्लक्स आधी साबुदाण्यासारखा फुगतो, मग बसतो, मग एकदम पाणी होऊन चकाकतो. त्या क्षणी रॉड टेकवा. चांदी ज्योतीने वितळायला नको, तांब्याच्या उष्णतेने वितळायला हवी. तसं झालं तर ती फटीत ओढली जाते आणि पलीकडून बारीक चकाकती कड दिसते. ती कड दिसली नाही तर जोड झालेला नाही, वरून कितीही सुबक दिसो. फट ०.०५ ते ०.१ मिमी ठेवा. ठोकून घट्ट बसवलेल्या जोडात चांदीला शिरायलाच वाट नसते.

प्लेटची कड वळवताना तांबं ठोक्यांनी कडक होतं. हातोड्याचा आवाज टणटणीत झाला की थांबा, मंद लाल करून पाण्यात बुडवा, मग पुढे. आवाज न ऐकता ठोकत राहिलं की कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते, आणि ती दिसते हायड्रॉलिक टेस्टला. सफाईला लिंबूसत्वाचं पाणी पुरतं. गंधकाम्ल वापरायचंच असेल तर आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही.

बॉयलरचे बुश आणि स्टे (सपाट प्लेटा धरून ठेवणाऱ्या सळया) पितळेचे नकोत. गरम पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि धातू ठिसूळ होतो. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ वापरा.

आपल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बॉयलर येत नाही. तुमचा दोन-चार लिटरचा. त्यामुळे इन्स्पेक्टर येणार नाही, आणि नेमकं म्हणूनच टेस्ट चुकवायची नाही. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरा, हवेचा एकही बुडबुडा आत ठेवू नका, हातपंपाने दाब चढवा. कामाचा दाब ७ किलो असेल तर पहिली टेस्ट १४ ला, पुढच्या १०.५ ला. फायरबॉक्सच्या (आगीच्या पेटीच्या) सपाट प्लेटवर डायल गेज लावून ठेवा. दाब उतरवल्यावर काटा शून्यावर परत आला नाही, तर स्टे कमी पडलेत. कंप्रेसरच्या हवेने टेस्ट करणं हा मूर्खपणा आहे, दुसरा शब्द नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटलं तर थोडं पाणी उडतं. दाबलेली हवा सुटली तर तांब्याचे तुकडे उडतात.

चाल लंगडी का?

कंप्रेसरची जागा इथे आहे. बॉयलर चढवण्याआधी सिलिंडर-व्हॉल्व्ह एक-दीड किलो हवेवर चालवून बघा. दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेरीत हवा सुटण्याचे चार ठोके, चारही सारखे. एकाच बाजूचा एक ठोका जोरात आणि एक मंद असेल, तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह मध्यावर नाही, स्पिंडलची लांबी बदला. एका बाजूचे दोन्ही मंद असतील तर तिकडे पिस्टन किंवा व्हॉल्व्ह गळतोय.

पुढे छान आणि मागे लंगडं असेल, तर वालशार्ट्स गिअरमध्ये (व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा) रिटर्न क्रँकवर संशय घ्या. क्रँक डेड सेंटरला ठेवा आणि रिव्हर्सर (पुढे-मागे करायचा दांडा) पूर्ण पुढून पूर्ण मागे न्या. व्हॉल्व्ह स्पिंडल हलता कामा नये. हलला तर रिटर्न क्रँकचा कोन चुकलाय, बाकी कशालाही हात लावू नका.

हवेवर धावलेलं इंजिन वाफेवर अडखळतं, त्याचं एक कारण ओ-रिंग. हार्डवेअरच्या दुकानातली काळी नायट्रिलची रिंग १७० अंशांत कडक होऊन तडकते. व्हायटॉन मागा. दुसरं कारण तेल. मोटरसायकलचं इंजिन ऑइल वाफेत धुऊन जातं. स्टीम सिलिंडर ऑइल, ४६० ग्रेडचं, हवं. आणि थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, म्हणून सुरुवातीची काही मीटर ड्रेन कॉक उघडे ठेवा. पाणी दाबलं जात नाही हे वर म्हटलंच. सिलिंडरमध्ये अडकलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

वाफ पुरत नाही

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि दोष बहुतेक वेळा बॉयलरचा नसतो. सिलिंडरमधून ब्लास्ट पाइपने सुटणारी वाफ धुराड्यातून जाताना स्मोकबॉक्समध्ये पोकळी करते आणि ती पोकळी आगीतून हवा ओढते. स्मोकबॉक्सला कुठेही फट असली की हवा तिथूनच येते, आग उपाशी राहते. ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडणारी नळी) चालू करा आणि पेटती उदबत्ती दाराच्या कडेने, पाइप जिथे आत शिरतात तिथे आणि बुडाच्या सांध्यापाशी सावकाश फिरवा. धूर आत ओढला गेला की फट सापडली. उष्णता सहन करणारं सीलंट लावा आणि पुन्हा उदबत्ती फिरवा.

मग ब्लास्ट नोझलमध्ये सरळ सळई उभी करा. ती धुराड्याच्या अगदी मधोमध यायला हवी. एक-दोन मिमी कलली तरी वाफ एका बाजूला घासत जाते. उंचीसाठी जुना नियम अजून चालतो: नोझलपासून १:३ चा शंकू काढला तर तो धुराड्याच्या बुडाच्या अरुंद भागाला लागावा, आणि १:६ चा शंकू धुराड्याच्या माथ्याला.

हे करूनही दाब पडत असेल तेव्हा कोळसा बघा. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख फार, तिचा क्लिंकर (वितळून घट्ट झालेला गोळा) होऊन जाळी बुजते. आग पातळ ठेवा, तुकडे १०-१५ मिमीचे, आणि पेटवायला लाकडी कोळसा.

पाणी

बोअरचं पाणी बॉयलरमध्ये घालू नका, क्षार फायरबॉक्सवर बसतात. नाशिकला पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी फुकट मिळतं. पहिले दोन-चार पाऊस वाहून जाऊ द्या, मग कॅन भरून वर्षभर गाळून वापरा.

इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) सकाळी चालतो आणि दुपारी चालत नाही, अशी तक्रार एप्रिल-मेमध्ये हमखास येते. लोक इंजेक्टर उघडतात, कोन घासतात, आणि चांगला इंजेक्टर कायमचा बिघडवतात. आधी टेंडरमध्ये (इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत) बोट घालून बघा. पाणी ४० अंशांच्या वर गेलं की छोटा इंजेक्टर वाफेचं पाणी करू शकत नाही आणि पाणी बाहेर सोडून देतो. टाकी सावलीत ठेवा, थंड पाणी भरा. आणि पाणी भरायला इंजेक्टरशिवाय दुसरं साधन, ॲक्सल पंप किंवा हातपंप, हवंच.

रंग शेवटी

रिव्हेटच्या ओळी, नंबर प्लेट, लाल-काळा रंग याचा मोह आवरा. इंजिन वाफेवर पुरेसं धावलं, सगळं खोलून धुतलं, की मग रंग. पितळेवर एच प्रायमर (धातूला धरून राहणारं अस्तर) दिला नाही तर रंग नखाने निघतो. एक इंच डोक्याचा रिव्हेट १:१३.२ ला २ मिमीच्या आत येतो. बाजारात मिळतो म्हणून ३ मिमीचा लावला तर सगळं अंग फोडांनी भरल्यासारखं दिसतं.

रूळ टाकताना पाणसळ वापरा. कसारा घाटात १:३७ चा चढ आहे, तिथे गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. बागेतल्या रुळाला मीटरमागे २७ मिमी चढ म्हणजे तोच घाट. धावणं संपलं की दाब थोडा असतानाच ब्लो-डाउन (बॉयलर रिकामा करायचा कॉक) उघडा, आग पूर्ण काढून मगच, आणि सिलिंडरमध्ये तेल सोडून चाकं हाताने दोन-चार वेळा फिरवा.