पाण्याचा एक थेंब: जुन्या लेदर बॅगा घरी दुरुस्त करताना

आत्याची तपकिरी लेदरची बॅग माळ्यावरून काढली तेव्हा तिला जुन्या वह्यांसारखा कोंदट वास येत होता. ती खांद्याला लावून आत्या कितीतरी वर्षं ठाण्याहून व्हीटीला नोकरीला गेली होती. चामडं सुकून कडक झालं होतं, पट्ट्याच्या कडांना भेगा पडल्या होत्या. आपल्या घरांत काही कोरडं पडलं की हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, तसा माझाही गेला. बॅग मऊ पडली, रंग गडद झाला आणि मी खूश झाले. मग जानेवारीतल्या एका गार सकाळी कपाट उघडलं तर बॅगेवर पांढुरकी साय धरलेली. बुरशी समजून पुसली, दोन दिवसांनी पुन्हा आली. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. मी चोळलेलं जास्तीचं तेल थंडीत वर येऊन थिजलं होतं.

त्या सायीमुळे मी हे काम नीट शिकायला बसले. आता नौपाड्यातल्या घरी, खिडकीशी लावलेल्या टेबलावर, इतरांच्याही बॅगा दुरुस्तीला घेते. नव्याने सुरुवात करणारं कुणी विचारायला आलं की आधी एवढंच सांगते: क्रीम, ब्रश, कापूस काहीही उचलण्यापूर्वी समोरची वस्तू कशाची आहे ते ओळखा.

त्यासाठी पाण्याचा एक थेंब पुरतो. बॅगेच्या तळाशी, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी तो ठेवा आणि मिनिटभर बघत राहा. थेंब आत मुरला आणि तिथे गडद ठिपका उमटला, तर चामड्यावर संरक्षक थर जवळजवळ नाही. अशा चामड्यात तुम्ही लावाल ते सगळं आत जाणार आणि बरंचसं आतच राहणार. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर वर रंगाचा आणि रेझिनचा थर आहे. अशी बॅग पुसणं सोपं, पण सॅनिटायझर किंवा ओले वाइप्स घासले की तोच थर निघून येतो. लव असलेल्या स्वेडला पाणीही नको आणि क्रीमही नको. त्याला मऊ ब्रश आणि खोडरबर एवढंच पुरतं.

फाटलेली कडही जवळून बघा. आत गुंतलेले तंतू दिसले तर चामडं आहे, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. रेक्झिनवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू तुटत जातो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. त्यावर कुठलंही क्रीम चालत नाही. लोक अशी बॅग फार आशेने घेऊन येतात, तरीही मी ती पहिल्याच दिवशी परत करते.

चामडं कशाने कमावलंय, म्हणजे कच्चं कातडं टिकावं म्हणून कशात मुरवलंय, हा पुढचा प्रश्न. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि आज जगातलं बहुतेक चामडं तसंच कमावतात. कापलेल्या कडेला ते बऱ्याचदा निळसर-करडं दिसतं. दुसरी पद्धत झाडांच्या साली-फळांची. २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेल्या आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. १९७८ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झालेल्या हायडिझाइन या कंपनीच्या बॅगाही या दुसऱ्या जातकुळीतल्या, आणि जुन्या बॅगांमध्ये त्या माझ्याकडे बऱ्याच येतात. असं चामडं वापराने सुंदर रापतं, पण पाण्याचे डाग चटकन धरतं.

लोखंडाशी तर त्याचं मुळीच जमत नाही. ओल्या पट्ट्याचा आकार राहावा म्हणून मी एकदा त्याला कागदांचे लोखंडी चिमटे लावून रात्रभर ठेवले. सकाळी प्रत्येक चिमट्याखाली शाईसारखा निळा-काळा डाग. कलमकारीत हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर लोखंड-गुळाचं पाणी पडलं की काळा रंग उमटतो, तीच क्रिया माझ्या टेबलावर झाली होती. बॅग ओळखीतल्या बाईंची होती. मी त्यांना सगळं खरं सांगितलं आणि पट्टा स्वखर्चाने नवीन करून दिला. तेव्हापासून घरात लाकडाचे आणि प्लास्टिकचेच चिमटे आहेत.

साबणाविषयीही थोडं सांगते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. चामडं मुळात आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ४ ते ५. अंगाच्या साबणाचा ९ ते १०. भांड्यांचा साबण, खाण्याचा सोडा, लिंबू हे सगळं स्वयंपाकघरातच राहू द्या. सुती फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि हलक्या हाताने पुसा. मळ जास्त असेल तर चामड्यासाठी बनवलेला सौम्य क्लीनर आणा. संपूर्ण बॅग पाण्यात बुडवून धुण्याचा सल्लाही तुमच्या वाचनात येईल. तो मुख्यतः बिनअस्तराच्या, जाड गाईच्या चामड्याच्या बॅगांसाठी आहे, न्यूयॉर्कमध्ये १९४१ मध्ये सुरू झालेल्या कोच कंपनीच्या जुन्या बॅगा असतात तशा. आपल्याकडच्या बहुतेक बॅगांच्या तळाशी पुठ्ठा आणि आत चिकटवलेलं अस्तर असतं. ती बुडवली की पुठ्ठा फुगतो, अस्तर सुटतं आणि बॅग पुन्हा नीट उभी राहत नाही.

ठाण्यात हे काम करायचं म्हणजे निम्मं काम बुरशीचं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला ६५-७० टक्के पुरतात. दसऱ्याच्या आधी लोक कपाटं आवरायला काढतात आणि त्या आठवड्यात माझं टेबल भरून जातं. बॅगेवरचं पांढरं दिसलं की आधी भिंगातून बघा. कापसासारखे बारीक धागे आणि कुबट वास असेल तर बुरशी. सपाट, मेणासारखा थर असेल तर ड्रायर लांबून, अगदी मंद ठेवून किंचित ऊब द्या. विरघळून दिसेनासा झाला तर ती चरबी किंवा तेल, म्हणजे माझी जानेवारीची साय.

बुरशी असेल तर मास्क लावा, बॅग गॅलरीत न्या आणि मऊ ब्रशने बुरशी बाहेरच्या दिशेने झाडा. घरात झाडलीत तर तिचे बीजाणू सगळ्या कपाटांत शिरतील. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, आधी लपलेल्या जागी लावून रंग सुटत नाही ना ते पाहा आणि फडकं जेमतेम ओलं करून पुसा. अस्तर बाहेर ओढून तेही पुसा, कारण वास तिथेच दडलेला असतो. नंतर बॅग उघडी ठेवून पंख्याखाली, सावलीत सुकवायची. गच्चीवरच्या उन्हात कधीही नाही. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि ते आकसणं कायमचं असतं. मी तीन-चार दिवस थांबते आणि मगच चामड्याचं क्रीम वाटाण्याएवढं फडक्यावर घेऊन पसरते. अशा एका बॅगेला माझ्याकडे आठ दिवस लागतात. त्यात हाताचं काम तीन तासांचं, बाकी सगळं वाळणं. बॅग ज्या कपाटातून आली ते पुसलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा माझ्याकडे येणार, हे मी प्रत्येकाला सांगते.

बक्कल आणि कड्यांवर हिरवा, चिकट थर दिसतो. पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी मिळून तो होतो. टूथपिक आणि कानातल्या कापसाच्या काडीने काढा, मागे बटर पेपर सरकवून. पितळ घासायची चिंच चामड्याला लागता कामा नये. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. तो घासून उडाला की परत येत नाही.

शिलाई मला स्टेशनजवळ चपला शिवणाऱ्या एका काकांनी शिकवली. महिनाभर दुपारी त्यांच्या शेजारी बसायचे. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. दोरा शिवणीच्या चौपट घ्यायचा आणि मेणावरून ओढायचा. जुनी भोकंच वापरायची, हे ते रोज सांगायचे. जुन्या भोकांच्या मध्ये नवी पाडली तर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. "आरी आहे म्हणून टोचायचं नसतं, ताई," हे त्यांचं वाक्य माझ्या हाताला बसलंय. सरावाला मी शीव स्टेशनला उतरून धारावीतून चामड्याचे तुकडे आणले. वर्षभर पुरले.

रंगकामाला पहिल्या वर्षी हात लावू नका. मी दुसऱ्या वर्षी लावला, तरी तोही लवकरच होता.

लोकांच्या बॅगा घ्यायला लागलात की आलेल्या बॅगेचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आतलेसुद्धा. मालकिणीसमोर खिसे रिकामे करा. काय होईल आणि काय होणार नाही, ते कागदावर लिहून द्या. पहिले सहा महिने मी फक्त नातेवाईकांच्या बॅगा घेतल्या आणि पैसे घेतले नाहीत. तुम्हीही तसंच करा असं मनापासून वाटतं. त्या काळात चुका होणारच, आणि त्या आपल्या माणसांच्या बॅगेवर झाल्या तर निदान समोर बसून बोलता येतं.

आत्याच्या बॅगेतलं तेल मी मुलतानी मातीचा कोरडा थर पुन्हा पुन्हा देऊन बरंचसं ओढून काढलं. पट्टा नव्याने शिवला. डाव्या कोपऱ्यातला गडद डाग काही गेला नाही. आत्या भिशीला जाताना तीच बॅग घेते, आणि डागाची बाजू अंगाकडे धरते.